खेळावर पोट

साताऱ्याच्या एका वाचक गृहस्थांचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांची नात चौदा वर्षांची असून क्रिकेट उत्तम खेळते. शालान्त परीक्षा उरकली की कॉलेजात नाव न घालता सारा वेळ खेळालाच द्यावा, असे तिच्या मनाने घेतले आहे. घरात यावरून दोन तट पडले आहेत. आजी आणि धाकटे काका मुलीच्या बाजूचे. थोरले काका हिशेबाच्या नोकरीत आयुष्य घालविलेले, ते विरुद्ध. आणि मुलीचे आईबाप, एकत्र कुटुंबात बहुधा होते तसे, दोन्हीकडे मान डोलावून स्वस्थ बसले आहेत. खेळून कोणाचे पोट भरले आहे ते दाखवून द्या, असा थोरल्या काकांचा सवाल आहे, आणि आजोबांनी तो जसाचा तसा आमच्याकडे धाडला आहे.

सवाल रास्त आहे. त्याची टर उडविणारांपैकी आम्ही नव्हे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या विद्येवरच चरितार्थ चालत आला, त्या घरांत खेळ हा व्यायाम म्हणून मान्य, फार तर करमणूक म्हणून. पोटाचा उद्योग म्हणून तो कोणाच्या ध्यानीमनीही नसे. संस्कृतात 'वृत्ति' असा एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ मनाचा कल आणि दुसरा अर्थ उपजीविका. शब्दात हे दोन्ही अर्थ सुखाने एकत्र राहतात. संसारात तसे क्वचितच राहतात. ज्याचा जिकडे कल त्यास तिकडेच भाकरी, हे भाग्य आमच्या शिक्षकी पेशातही थोड्यांच्याच वाट्यास आले.

परंतु हा सवाल थोडा फिरवून विचारावा असे आम्हांस वाटते. खेळून पोट भरते की नाही, एवढेच न पाहता खेळणाराच्या पानात वाढणारा कोण, आणि तो किती दिवस वाढतो, हेही पाहावे. त्यासाठी लांब जावयास नको. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दाखले आहेत.

सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी विजय हजारे यांचा जन्म झाला. कुटुंब मराठी ख्रिस्ती. वडील आमच्याच पेशाचे, म्हणजे शाळामास्तर. आणि घरात मुले आठ. मास्तरच्या पगारात आठ मुले म्हणजे काय, हे या सदराच्या वाचकांस फोड करून सांगावयास नको. अशा घरातील मुलास त्या काळी क्रिकेटवर पोट भरावयाचे तर एकच दार होते, आणि ते राजवाड्याचे. संस्थानिकांना खेळाची हौस असे. ते चांगला खेळाडू हेरून त्यास दरबारी नोकरी देत, आणि त्या नोकरीचे मुख्य काम मैदानावरच असे. हजारे आरंभी महाराष्ट्राकडून व मध्य हिंदुस्थानाकडून खेळले आणि पुढे बडोद्यास गायकवाडांच्या आश्रयास जाऊन तेथेच कायमचे राहिले. ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांस लाभले होते. हजारे यांची बॅट धरण्याची तऱ्हा चारचौघांसारखी नव्हती. दांड्यावर दोन्ही हातांत अंतर राहत असे. ग्रिमेट यांनी ती बदलू नका असेच त्यांस सांगितले, अशी आठवण सांगतात. शिकविणाराने कोठे हात आवरावा हे कळणे शिकविण्याहून अवघड, हे आमच्या वाचकांतील शिक्षक मंडळी मान्य करतील.

या गृहस्थांची एक खेळी आमच्या मनात कायमची बसली आहे. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईस पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत झाली. त्या सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे धर्मवार व जातवार संघ असत. आणि या चौघांत न बसणारांचा पाचवा संघ, त्याचे नावच मुळी 'शेष'. हजारे त्या संघात होते. हिंदूंनी ५८१ धावा केल्या, पैकी विजय मर्चंट यांच्या नाबाद २५०. उलट शेष संघ १३३ धावांत आटोपला आणि त्यास लागलीच पुन्हा खेळावे लागले. या दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतील एकट्या हजारे यांच्या ३०९! सहाव्या गड्यासाठी त्यांनी आपले बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भर घातली, आणि तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. सामना डावाने गेलाच. तथापि एकत्र कुटुंबात राहणारांनी या २१ धावांकडे नीट पाहावे. एक भाऊ मिळवीत असतो आणि दुसरा घरची बाजू पडू न देता उभा असतो. मिळविणाराचे नाव होते. दुसऱ्याच्या नावापुढे एवढासा आकडा राहतो.

हजारे यांची पुढील कीर्ती वृद्धांस तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४७ साली बडोद्यास होळकर संघाविरुद्ध रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी गुल महंमद यांच्यासह चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. कोणत्याही गड्यासाठी त्याहून मोठी भागी प्रथम श्रेणीच्या सामन्यात २००६ सालापर्यंत जगात कोठे झाली नव्हती. जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेड येथे ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकविली, ११६ आणि १४५; एका कसोटीत असे करणारे ते पहिले भारतीय. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासेस भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार तेच. तो भारताचा पंचविसावा कसोटी सामना होता, आणि पहिल्या सामन्यास वीस वर्षे होत आली होती.

आता थोरल्या काकांना हव्या असलेल्या मुद्द्याकडे येऊ. देशासाठी खेळण्यात मान होता, पण भाकरी नव्हती. कसोटी खेळून मिळणारा भत्ता नावापुरता. संस्थाने विलीन झाली आणि राजवाड्याचे दारही मिटत चालले. तेव्हा खेळाडूस रोख पैसा मिळावा असे एक ठिकाण उरले, ते म्हणजे इंग्लंडातील लँकेशायर परगणा. तेथील कापडगिरण्यांच्या गावांत क्लब असत. गिरणीत राबणारी माणसे आठवड्याच्या शेवटी सामना पाहावयास जमत. क्लबातील बाकी सारे हौशी. एक खेळाडू तेवढा पगारी, आणि तो मुद्दाम परदेशाहूनही आणीत. त्याने धावा काढाव्या, गडी बाद करावे, आणि एरवी गावच्या पोरांस शिकवावे. हजारे यांनीही त्या परगण्यात असे पगारी खेळाडू म्हणून खेळून पाहिले. एका मास्तरच्या मुलाने सातासमुद्रापलीकडे गिरणगावच्या पोरांची शिकवणी करावी, यात आम्हांस तरी कमीपणा दिसत नाही. वडिलांचाच व्यवसाय तो. फळा तेवढा निराळा.

विनू मंकड यांचेही हॅसलिंग्डन या अशाच एका गावाशी बोलणे चालले होते. मद्रासच्या विजयात बारा गडी बाद केलेले हेच ते मंकड. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात संघात माझी जागा नक्की आहे काय, असे त्यांनी क्रिकेट मंडळास आधी विचारले. मंडळाने हमी दिली नाही. मंकड यांनी हॅसलिंग्डनचा करार पत्करला. त्या जूनमध्ये लीड्स येथे पहिली कसोटी झाली. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रुमन नावाच्या नवख्या गोलंदाजाने असा उत्पात मांडला की धावफलकावर शून्य धावा व चार गडी बाद! क्रिकेटच्या इतिहासात असा आरंभ पुन्हा शोधून सापडावयाचा नाही. त्या अवस्थेत कर्णधार हजारे मैदानात आले, ५६ धावा करून त्यांनी दत्तू फडकर यांच्यासह शंभरावर धावांची भर घातली, आणि तरी सामना गेला. देशाचा सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडू त्या वेळी शेजारच्याच परगण्यात क्लबाच्या पगारावर होता. मग मंडळाची धावपळ झाली. क्लबाकडून मंकड यांस सोडवून आणले. आणि लॉर्ड्‌स येथे त्यांनी ७२ व १८४ धावा काढून पाच गडीही बाद केले.

मंकड यांनी देशापेक्षा पैसा मोठा मानला, असे म्हणणारे तेव्हाही होते व आजही आहेत. आम्हांस हा आक्षेप पटत नाही. चारचौघांसारखी नोकरी करणारा मनुष्य नेमणुकीचा कागद हाती आल्यावाचून पहिली नोकरी सोडीत नाही, आणि त्यास कोणी देशद्रोही म्हणत नाही. खेळाडूनेच तेवढे उपाशीपोटी निष्ठा दाखवावी, ही अपेक्षा बहुधा स्वतः भरल्या पोटी असणारांचीच असते.

लीड्सचा सामना जूनमधला. पुढच्याच महिन्यात हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने भरले आणि तेथे सातारा जिल्ह्यातील एक मल्ल आखाड्यात उतरला. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे ते मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिष्यासाठी गुरूने घर गहाण टाकल्याचे उदाहरण आम्ही पुराणात वाचलेले नाही. ते कोल्हापुरात घडले. खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय; दुसरे यावयास १९९६ साल उजाडले. जपानच्या इशी याच्याशी दीर्घ कुस्ती झाल्यावर पुरती विश्रांती न देताच त्यांस रशियाच्या मल्लासमोर उभे केले, आणि त्यांची बाजू मांडण्यास जवळ कोणी भारतीय अधिकारी नव्हता, असे सांगतात.

परतल्यावर कऱ्हाडास १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून त्या पैशांतून प्राचार्यांचे ऋण फेडले, असे त्या भागात अजून अभिमानाने सांगतात. पण मिरवणूक संपते आणि बैलगाड्या आपापल्या गावी जातात. कुस्तीत इनाम असते, पगार नसतो. आणि पहिलवानाचा खुराक, दूध, तूप, बदाम, हा इनामाची वाट पाहत थांबत नाही. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार झाले. सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी करून सहाय्यक आयुक्ताच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांस झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा. घेण्यास ते नव्हते. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास २०१० साली त्यांचे नाव दिले. मरणोत्तर सन्मानांविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. परंतु पेन्शन हयातीतच द्यावयाची असते.

हे दुर्दैव गरीब देशांपुरते आहे असेही नाही. कॅनडा व अमेरिका येथे बर्फावर हॉकी खेळतात. पायांस पाती बांधून घसरत धावावयाचे आणि चेंडूऐवजी रबराची चकती फटकारावयाची. तेथे हा खेळ म्हणजे मोठा व्यवसाय असून मालकांची संघटना भक्कम आहे. १९५७ साली डेट्रॉइट संघाचा टेड लिंडसे हा नामांकित खेळाडू पुढे झाला, आणि आमच्या पेन्शनच्या निधीचा हिशेब दाखवा म्हणून त्याने सोबत्यांची संघटना उभी केली. मालकांनी हिशेब दाखविला नाही. लिंडसेला तेवढे उचलून शिकागोच्या संघास देऊन टाकले. त्या वेळी ती संघटना मोडली. टिकाऊ अशी संघटना व्हावयास १९६७ साल लागले. कराराच्या कागदावर खेळाडूची सही असते, पण कागद लिहिणारा दुसराच असतो, हे थोरल्या काकांसारख्या हिशेबी माणसाच्या लगेच ध्यानात येईल.

आता परत सांगलीकडे, आणि आजच्या काळात. स्मृती मानधना यांचा जन्म १९९६ चा, मुंबईचा. त्या दोन वर्षांच्या असता कुटुंब सांगलीलगतच्या माधवनगरास येऊन राहिले. वडील व भाऊ दोघेही जिल्ह्याच्या पातळीवर खेळलेले. भावाचे पाहून मुलीने बॅट उचलली. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील मुलींत आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील मुलींत निवडली गेली. सांगलीत अनंत तांबवेकर यांनी त्यांस शिकविले. २०१३ साली, सतरा वर्षांच्या असताना, बडोद्यास त्यांनी गुजरातविरुद्ध एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या. बडोद्याची ती भूमी सांगलीकरांस लाभते असे दिसते!

स्त्रियांचे क्रिकेट २००६ साली मुख्य मंडळाच्या छत्राखाली आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने स्त्री व पुरुष खेळाडूंस सामन्यामागे सारखेच मानधन ठरविले: कसोटीस पंधरा लाख, एकदिवसीय सामन्यास सहा, वीस षटकांच्या सामन्यास तीन. आणि १३ फेब्रुवारी २०२३ रोजी स्त्रियांच्या व्यावसायिक लीगसाठी मुंबईत पहिला लिलाव झाला, त्यात पहिलेच नाव स्मृती मानधना यांचे निघाले. बंगळूरच्या संघाने त्यांस तीन कोटी चाळीस लाखांस घेतले. त्या दिवशी तोच आकडा सर्वांत मोठा ठरला. माणसाच्या बाबतीत 'लिलाव' हा शब्द आमच्या कानास अजून खटकतो. पण हजारे यांस राजाची मर्जी सांभाळावी लागे, खाशाबांस वरिष्ठांची. या मुलींची किंमत निदान भर सभेत उघडपणे बोलली जाते, आणि तो पैसा त्यांच्याच हाती पडतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईस भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत स्मृती यांच्या ४३४ धावा झाल्या होत्या.

धाकटे काका हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवितील, अशी आमची खात्री आहे. त्यांनी पुढचाही वाचावा. २०१७ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात खेळताना याच स्मृती मानधना यांच्या गुडघ्याचा स्नायुबंध दुखावला आणि पाच महिने त्यांस मैदानाबाहेर काढावे लागले. त्या जूनमध्ये विश्वचषकासाठी परतल्या आणि पहिल्या दोन सामन्यांत ९० व नाबाद १०६ धावा केल्या, म्हणून आपण ती गोष्ट कौतुकाने सांगतो. ज्या मुलींचा गुडघा बरा झाला नाही त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. आमच्यासारखा मास्तर घसा बसला तरी खडूने लिहून तास काढू शकतो. खेळाडूचे सारे भांडवल हाडामांसाचे. त्यावर व्याज फार तर पस्तिशीपर्यंत मिळते, आणि पुढे आयुष्य तितकेच शिल्लक असते.

तेव्हा आमचे मत विचारले आहे ते असे. मुलीस खेळू द्यावे, आणि मनापासून खेळू द्यावे; चौदाव्या वर्षी मोडलेले मन चाळिसाव्या वर्षी घरालाच जड जाते. परंतु कॉलेजात नाव घालावे. वर्ष वाया गेले तर जाऊ द्यावे. पदवी तिघांऐवजी पाच वर्षांत मिळाली म्हणून कोणी तिला कमी प्रतीची मानीत नाही. तिच्या पैशाचे, विम्याचे व करारांचे कागद थोरल्या काकांनीच पाहावे. विरोध करणारा मनुष्य हिशेब जपून ठेवतो, असा आमचा अनुभव आहे. आजींनी तिच्या सामन्यांस जावे. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या व दहाव्या आल्या. पुढे राज्य शासनाने त्यांस महसूल खात्यात अधिकारी नेमले. दुष्काळी माणातील मुलीस धावण्याने कचेरीपर्यंत पोचविले, हेही थोरल्या काकांस सांगावे.

आणि एक आकडा दोन्ही काकांनी मिळून पाहावा. २०२४-२५ सालासाठी मंडळाने स्त्री खेळाडूंशी वार्षिक करार केले, त्या यादीत साऱ्या देशातून सोळा नावे होती. पन्नास लाखांच्या पहिल्या श्रेणीत तीन. यादीबाहेर राहणाऱ्या मुलींत चांगल्या खेळणाऱ्या कितीतरी. त्यांतील पुष्कळजणींस आजवर रेल्वेने सांभाळले. रेल्वेत खेळाडूंसाठी राखीव जागा असतात आणि त्यांच्या भरतीच्या जाहिराती निघतात. तशी एक जाहिरात मिळवून थोरल्या काकांनी घरात सर्वांदेखत वाचावी. तीत खेळातील कामगिरीच्या अटीखालीच शिक्षणाची अट छापलेली असते, आणि वरच्या पगाराच्या जागेस पदवी लागते.